खळ लावलेलं पुस्तक

माझ्या नातीच्या दोन पुस्तकांना मी हात लावला. एक सुधारलं, एक पुरतं गेलं. घरात आता कुणी तो विषय काढत नाही. मी समोर असले की मुद्दाम दुसरंच बोलतात. मला ते चालत नाही, म्हणून झालं ते जसंच्या तसं लिहिते.

नात म्हणजे थोरल्या मुलाची मुलगी. मुलगा आणि सून गलाईच्या धंद्यात लांब तमिळ मुलखात आहेत. आमच्या कवठे महांकाळ भागातली पुष्कळ माणसं त्याच धंद्यात आहेत, सोनंचांदी आटवून शुद्ध करून द्यायच्या. पोरगी लहानपणी त्या भट्टीपुढंच वाढली. पुढं शिकायला माझ्याकडं आली आणि सांगलीला राहून इंजिनियर झाली. धातूची इंजिनियर. म्हणजे नेमकं काय, ते मी तिला एकदा विचारलं होतं.

ती म्हणाली, "लोखंडसुद्धा दमतं आज्जी. परत परत वाकवलं की एक दिवस तुटतं. कवा तुटंल, ते तक्त्यात बघून आधीच काढायचं."

मी म्हटलं, "मग माझं काढ की."

"तुझा तक्ता अजून छापला न्हाई कुणी."

तिला एका सरकारी संशोधनाच्या ठिकाणी जायचं होतं. तिथं धातूंचीच तपासणी चालते म्हणे, विमानाच्या आणि कशाकशाच्या. परीक्षेचे दोन टप्पे. पहिल्याच टप्प्यात ती दोनदा पडली. तिसऱ्यांदा पास झाली. पुढच्या वर्षी वय बसत नव्हतं, म्हणजे हीच शेवटची खेप. आमच्या घराण्यात ह्या पोरीच्या आधी दहावीच्या पलीकडं कुणी गेलेलं नाही. माझ्या बापाची मेंढरं म्हसवडपासून कोकणापर्यंत चालायची, त्यातून मला चार इयत्ता मिळाल्या त्याच पुष्कळ. तेव्हा ही शेवटची खेप तिची एकटीची नव्हती. निदान मी तरी तशी धरली होती.

दुसऱ्या टप्प्याचा नियम वेगळा. पेपरला बसताना दोन पुस्तकं जवळ ठेवायची, त्यात बघून उत्तरं काढायची. मी म्हटलं, मग काय अवघड आहे, बघूनच तर लिहायचंय. पोरगी हसली. म्हणाली, ज्याला माहीत आहे त्यालाच पुस्तकात सापडतं. पण त्या दोन पुस्तकांना अट होती. छापील पाहिजेत, बांधलेली पाहिजेत. झेरॉक्स चालणार नाही, सुटा कागद चालणार नाही, मोबाईल तर गेटवरच काढून घेणार.

तिला कॉलेजात शिकवणाऱ्या एक मॅडम सांगलीत आहेत. त्यांनी आपल्याकडची दोन पुस्तकं तिला दिली. दोन्ही नवी. एक इथंच छापलेलं, गणितं सोडवून दाखवणारं. दुसरं परदेशातून मागवलेलं, त्याच वर्षी निघालेलं. त्याच्या शेवटी तक्ते होते. कुठल्या धातूवर किती भार पडला तर तो किती दिवस टिकेल, त्याचे. पोरगी म्हणायची, निम्मा पेपर ह्या तक्त्यांवरच असतो. तसलं पुस्तक सांगलीत दुसरं नव्हतं, आणि मागवलं तर यायला दीड महिना.

परीक्षेला अठरा दिवस राहिले तेव्हा ती दोन्ही पुस्तकं घेऊन गावी आली. सांगलीच्या खोलीत चार पोरी, अभ्यास होत नाही म्हणून. मी पुस्तकं हातात घेतली. माझ्या चार वर्षांच्या शाळेतली सगळी पुस्तकं एकावर एक ठेवली तरी त्यातल्या एकाएवढी झाली नसती. कागद गुळगुळीत, वास डांबरगोळीसारखा उग्र. आत मला वाचता येण्यासारखे फक्त पानांचे आकडे. तरी मी हात धुऊन पुसून पानं उलटली.

चौथ्या दिवशी इथलं छापलेलं पुस्तक मोडलं. पोरीनं ते चटईवर उताणं करून दाबलं, जरा सपाट राहावं म्हणून, तर पाठ कट्‌ करून वाजली आणि मधला एक गठ्ठा हातात आला. नव्या पुस्तकांना दोरा नसतो, नुसता गोंद थापलेला असतो, हे मला तेव्हा कळलं. पोरीचा चेहरा उतरला. सुटं पान असलेलं पुस्तक आत नेता येणार नव्हतं.

ती म्हणाली, "सांगलीला जाऊन बांधून आणते."

"जाऊन यायला एक दिस. त्यानं आज दिलं न्हाई तर दोन दिस. अभ्यास कवा करणार?"

"मग काय करू?"

"मी खळ लावते. मापात बसवून देते."

खळ म्हणजे चिंचोक्याची. चिंचोके भाजायचे, टरफलं काढायची, भिजत घालायचे, वाटायचे आणि शिजवायचे. घोंगडं विणलं की त्याला ही खळ देतात. मी सासरी आल्यापासून चाळीस वर्षं घोंगड्यांना खळ दिली आहे. खळ दिलेलं घोंगडं भिंतीला लावलं तर माणसासारखं उभं राहतं. गोंदाबिंदाचं मला काही वाटत नव्हतं. माणसाला आपलं एखादं काम चांगलं येत असलं की सगळ्या जगाला तेच काम लागू पडतं असं वाटतं. मला तसं वाटलं.

पोरगी म्हणाली, "निघणार न्हाई न्हवं परत?"

"घोंगडी उभी ऱ्हात्यात माझी. हे तर कागूद हाय."

दुसऱ्या दिवशी ती प्रवेशपत्राची छापील प्रत काढायला तालुक्याला गेली. मी खळ शिजवली. घायपाताच्या कुंच्यानं पाठीला दिली, सुटा गठ्ठा नीट ठोकून बसवला, वरून जुन्या लुगड्याची पट्टी लावली, तिलाही खळ दिली आणि वर पाटा ठेवला. काम चांगलं झालं. इथंच थांबायला पाहिजे होतं.

पातेल्यात खळ उरली होती. आणि ते दुसरं पुस्तक, तक्त्यांचं, तिथंच पडलेलं होतं. ते धडधाकट होतं. त्याला काहीही झालेलं नव्हतं. पण मी म्हटलं, हेही नवंच, ह्यालाही नुसता गोंदच, आज ना उद्या हेही मोडणार. ऐन परीक्षेत मोडलं तर? म्हणून मी त्यालाही खळ दिली. बाहेरून पट्टी लावून दिली, आणि पुठ्ठा जरा उचलून पाठीच्या आतपर्यंत दिली. पोरीला विचारलं नाही. विचारायला ती घरात नव्हती हे खरं, पण असती तरी मी विचारलं असतं असं नाही.

पाटा एकच. म्हणून हे दुसरं पुस्तक मी आतल्या खोलीत ज्वारीच्या पोत्याखाली दाबून ठेवलं.

संध्याकाळी पोरगी आली. मी सांगितलं, दोन्हीला लावली. तिनं पिशवी खाली ठेवली.

"त्याला कशाला गं?"

"पुढचा विचार केला."

"वाळंल कवा?"

"परवा सकाळी घे."

पण झड लागली. आमच्याकडं पाऊस नसतो नसतो म्हणतात, तो नेमका तेव्हा दोन दिवस रिपरिपत राहिला. खळ वाळेना. उन्हात वाळलेली खळ दगड होते, ओली राहिली तर ते नुसतं पीठ. घोंगडी मी उन्हाळ्यात करायची, त्यामुळं हे माझ्या कधी लक्षात यायचं कारण नव्हतं. पोरगी वहीतली गणितं करत बसली आणि दिवसातून चारदा म्हणायची, "बघू का?" मी म्हणायची, "उचलू नको, वाकडं हुईल."

तिसऱ्या दिवशी सकाळी पाट्याखालचं पुस्तक चांगलं निघालं, मग मी पोतं सरकवलं. आधी भुसा दिसला. पांढरा, बारीक, कापूस पिंजल्यासारखा. मग पुस्तक. उंदरांनी पाठीकडून खाल्लं होतं. लुगड्याची पट्टी, खळ, आणि खळीच्या मागं लागून कागद. पुढची पानं कडेला कुरतडलेली, पण वाचता येत होती. शेवटाकडं ओल जास्त मुरली असणार, तिथं आत शिरले होते. तक्त्यांची चौदा पानं अर्धी अर्धी उरली होती. अर्ध्या तक्त्याचा काही उपयोग नसतो. धातूचं नाव एका बाजूला आणि आकडा दुसऱ्या बाजूला.

मी पोरीला हाक मारली नाही. तीच आली. खाली बसली आणि भुसा ओंजळीत गोळा करायला लागली, जसा काही तो परत लावता येणार होता. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर मलाही ओरडता आलं असतं.

धाकटी जाऊ शेजारीच राहते. तिला काहीही झालेलं लगेच कळतं. ती दारात येऊन बघून म्हणाली, "आवं जाऊबाई, उंदीर इंजिनियर झाला म्हणायचा की तुमचा."

मी म्हटलं, "झाला. तुझ्या पोरापेक्षा लौकर झाला. जा घरला."

ती गेली, पण पोरगी तेवढ्यावरही हसली नाही.

मग फोन सुरू झाले. पोरगी ह्याला लाव, त्याला लाव. पुण्यात एकाकडं ते पुस्तक होतं, पण तोही त्याच परीक्षेला बसलेला. तो कशाला देईल? दुसरीकडं एका ग्रंथालयात होतं, पण तिथंच बसून वाचायचं, बाहेर न्यायचं नाही. शेवटी तिनं मॅडमना फोन लावला. मी म्हटलं, आवाज मोठा कर, मला ऐकायचंय. शिव्या मलाच बसायच्या तर मी ऐकायला नको?

मॅडमनी शिव्या दिल्या नाहीत. म्हणाल्या, "पुस्तकाचं राहू दे. तू पेपर कसा देणार ते सांग."

पोरगी ओंजळीतला भुसा सुपात टाकायला लागली.

मॅडम म्हणाल्या, "कॉलेजच्या ग्रंथालयात ह्याची जुनी आवृत्ती आहे. तक्ते जवळपास तेच आहेत. पण ती बाहेर देत नाहीत. मी त्या पानांचं झेरॉक्स काढून ठेवते. निदान पाठ तरी करून जा."

पाठ करून जा! चौदा पानं बारीक आकडे. परीक्षेला अकरा दिवस.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर एसटीनं सांगलीला गेले. ती नको म्हणत होती, मी ऐकलं नाही. कॉलेजात मॅडम भेटल्या. माझ्या निम्म्या वयाच्या. मी म्हटलं, "चूक माझी हाय. पोरीची न्हाई." त्या म्हणाल्या, "माहीत आहे, मावशी." एवढंच. त्यांनी झेरॉक्स दिलं आणि मंडईजवळच्या एका बाइंडरचा पत्ता दिला.

बाइंडर वयस्कर होता, हात कायमचे काळेनिळे. त्यानं पुस्तक नाकाशी नेलं. "खळ लावलीय. कुणी लावली?"

"मी."

"लावलीय चांगली. मोरचूद घातलं नव्हतं?"

"घोंगड्यात कुणी मोरचूद घालतंय व्हय? अंगावर घ्यायचं असतंय ते."

"मग मावशी, पुस्तक कुठं अंगावर घेताय? कागदाच्या खळीत मोरचूद पाहिजे. त्याशिवाय ते उंदराचं जेवण हाय."

मोरचूद! आमच्या गावात प्रत्येक द्राक्षबागेच्या शेडात ते निळं निळं फवारणीचं औषध पोत्यानं पडलेलं असतं. जावेच्या घरात होतं. भिंतीपलीकडं. एवढंसं मागितलं असतं तरी तिनं दिलं असतं. मी त्याच्या दुकानात फळीवर बसले.

बाइंडर म्हणाला, कड छाटून, दोरा घालून पुस्तक एकसंध करून देतो, नव्याहून पक्कं. पण खाल्लेलं मी आणू कुठनं?

तेव्हा मी पोरीच्या हातातली झेरॉक्सची पानं घेतली आणि त्याच्यापुढं ठेवली. "ही शिव त्यात."

पोरगी म्हणाली, "आज्जी, नियमात बसत न्हाई."

"नियम काय उंदरानं वाचला हुता?"

"कागूद वेगळा दिसतोय."

बाइंडरनं दोन्ही कागद चिमटीत धरून चोळले. म्हणाला, "कड एकदम छाटली की बाहेरनं न्हाई कळायचं. उघडून बघितलं तर कळंल."

"पाचशे पोरांची पुस्तकं कोण उघडून बघतंय," मी म्हटलं. "शिव."

पोरगी बाहेर रस्त्याकडं तोंड करून उभी राहिली. हो म्हणाली नाही. नाही पण म्हणाली नाही. तिला ती पानं हवी होती, हे मला तिच्या पाठीवरून दिसत होतं. त्या एका गोष्टीवर मी पुढं गेले. बाइंडरनं दुसऱ्या दिवशी दिलं. खरोखर नव्याहून पक्कं.

परीक्षेचं केंद्र साताऱ्यात आलं होतं. आम्ही पहाटेची एसटी धरून गेलो. गेटवर रांग. प्रत्येकाच्या हातात दोन जाडजूड पुस्तकं, काहींचं वरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. आईबाप बाहेर लिंबाखाली बसलेले. माझ्याजवळ एक फौजेतून निवृत्त झालेला माणूस होता, कराडकडचा ऊसवाला.

"आवं मावशी, तुमचं कोण हाय आत?"

"नात."

"आमचा चिरंजीव हाय. दोन पुस्तकं घेतलीत, लय नवीकोरी. उघडली का इचारलं तर म्हणतोय, पप्पा, तिथंच उघडायची असत्यात." आणि स्वतःच गुडघ्यावर थाप मारून हसला. मी हसले नाही, पण मला त्याचा हेवा वाटला. त्याला फक्त पोराची काळजी होती.

तीन तासांचा पेपर. मी पाणीसुद्धा प्याले नाही. बाजूची माणसं डबे सोडत होती. मी गेटकडं बघत बसले. कुणी मध्येच बाहेर आलं की मी उठून उभी राहायची, तिलाच हाकलून दिलं असं वाटून.

ती सगळ्यांबरोबर बाहेर आली. हातात एकच पुस्तक. इथलं छापलेलं.

"दुसरं कुठं हाय?"

"ऑफिसात. संध्याकाळी देणार हायेत. चल, घेऊनच जाऊ. मॅडमचं हाय."

"धरलं का त्यांनी?"

"न्हाई."

"मग?"

"मी सांगितलं."

मला आधी कळलंच नाही. मग तिनं सांगितलं. तपासणीला बसलेल्या बाईनं पुस्तक नुसतं हातात तोललं, पाठ बघितली आणि "छान बांधलंय" म्हणून परत दिलं. पोरगी जागेवर जाऊन बसली. मग उठून परत गेली आणि म्हणाली, ह्यातली चौदा पानं झेरॉक्सची आहेत. त्या बाईनं वरच्या साहेबांना बोलावलं. ते म्हणाले, पेपर द्या, पण पुस्तक आमच्याकडं ठेवा. अख्खं पुस्तक. ती पानं तेवढी फाडून घ्या असं ती म्हणाली, तर तेही नाही.

मी रस्त्यातच थांबले. "त्या बाईनं दिलं हुतं की परत. तुला कुणी इचारलं हुतं?"

"कुणी न्हाई."

"मग थोबाड कशाला उघडलंस? तीन वरसं रातीचा दिस केलास त्यो ह्येच्यासाठी?"

माझा आवाज एवढा चढला की तो फौजी लांबून बघायला लागला. पोरगी शांत उभी होती. म्हणाली, "तू तुला पटलं ते केलंस. मी तुला काय बोलले का?"

मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. मी तिच्या जागी असते तर पुस्तक उघडलं असतं आणि लिहिलं असतं. खरं बोलण्याचा गुण तिला आमच्याकडनं आलेला नाही. कुठनं आला, देव जाणे.

पेपरात तक्त्यांचे प्रश्न आले, भरपूर आले. काही तिनं आठवून लिहिले, काही सोडले. किती सोडले ते तिनं सांगितलं नाही.

ऑफिसातून पुस्तक घेताना तिला एका वहीत सही करायला लावली. एसटीत ती खिडकीला डोकं टेकून झोपली, किंवा झोपल्यासारखं केलं. दोन्ही पुस्तकं माझ्या मांडीवर होती. उंब्रजच्या पुढं मला ती खिडकीतून भिरकावून द्यावीशी वाटली. मग आठवलं, मॅडमची आहेत.

दीड महिना निकाल नव्हता. पोरगी सांगलीला एका क्लासात शिकवायला लागली आणि रविवारी गावी यायची. मी रोज फोन करून विचारायची, आणि ती रोज सांगायची, लागला की सांगते. एका रविवारी ती अंगणात कपडे वाळत घालत होती. फोन वाजला, तिनं हात पुसून बघितला आणि पुन्हा कपडे वाळत घालायला लागली. सगळे कपडे संपल्यावर म्हणाली, "यादी लागली. माझा नंबर न्हाई."

"नीट बघितलंस?"

"व्हय."

"दे इकडं."

"आज्जी, न्हाई त्यात."

"गप. मला आकडे वाचता येत्यात."

फोन घेऊन मी उंबऱ्यावर बसले. प्रवेशपत्राची छापील प्रत तिच्या पिशवीत होती, ती मागून घेतली आणि मांडीवर ठेवली. यादी लांब नव्हती. वरून एकेका आकड्यावर बोट ठेवत मी खाली आले. मध्येच पडदा काळा झाला, तिच्याकडनं परत चालू करून घेतला. शेवटपर्यंत गेले. मग खालून वर आले. मधे एक नंबर होता, तिच्या नंबरासारखाच, फक्त शेवटचा आकडा वेगळा.

"हे बघ," मी म्हटलं. "ह्यो टायपात चुकला असंल. शेवटी सहा पाहिजे, आठ छापलाय. इचार त्यास्नी."

ती वाकून बघायला आली. माझ्या खांद्यावर हात ठेवला, कपड्यांनी ओला झालेला.

"त्यो दुसऱ्या कुणाचा तरी हाय आज्जी," ती म्हणाली. "त्यो पास झालाय."